मारोतीचा डावा हात

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बालाजीला नाही — आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे बघा, कबुली द्यायलासुद्धा मी सोयीचाच माणूस निवडला.

गोष्ट एका हाताची आहे. मारोतीच्या डाव्या हाताची. मारोती नायगावकडच्या एका खेड्यात राहतो, घरची शेती करतो आणि बँजो वाजवतो — वाजवायचा. तो हात वाचला असता का? नक्की सांगता येत नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. पण वेळेत काहीतरी करता आलं असतं, आणि ती वेळ कधी सुरू झाली हे फक्त मला माहीत होतं. मी बोललो नाही. खरं तर एवढंच आहे. पण एवढ्यावर थांबलो तर ते फार नीटनेटकं होईल, आणि नीटनेटकेपणाचंच तर सगळं पाप आहे. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी नांदेडला असतो. बेस गिटार वाजवतो आणि एका लहानशा स्टुडिओत रेकॉर्डिंग बघतो. स्टुडिओ म्हणजे शिकवणीच्या क्लासच्या वरच्या दोन खोल्या. भिंतींना फोम, खिडकीला जुनी गादी. तरीही खालून डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांचा घोकण्याचा आवाज येतोच; आमच्या कितीतरी भक्तिगीतांच्या तळाशी, कान देऊन ऐकलं तर, वनस्पतींचं वर्गीकरण आहे.

आम्ही सेशनवाले. म्हणजे गाणं एकाचं, आवाज दुसऱ्याचा, पोस्टरवरचा फोटो तिसऱ्याचा. वाजवणारे आम्ही, आणि आमचं नाव कुठंच नाही. जयंतीची गाणी, उरुसाच्या कव्वाल्या, हळदीची गाणी, आणि निवडणूक लागली की उमेदवारांची. एकाच आठवड्यात एकाच चालीवर आम्ही तीन उमेदवारांना वाघ केलेलं आहे. तिघांनीही स्वतः येऊन, चाल आपल्या मातीतली आहे म्हणून पाठ थोपटली. एकाला मी म्हणालो, साहेब, तुमच्या विरोधकाच्याही मातीतलीच आहे. त्याला ते कौतुक वाटलं.

मारोती त्या स्टुडिओत बँजो वाजवायला यायचा. आमच्याकडचा बँजो म्हणजे टाइपरायटरसारख्या बटणांचा — डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातातली नखी तारांवर. वरातीपुढं बँजो पार्टीची गाडी जाते, तिच्यात सगळ्यांच्या वर चिरत जाणारा आवाज तो. शिकलेली माणसं त्याला वाद्यच मानत नाहीत. माझे वडील मराठीचे शिक्षक होते, त्यांच्या मते तो गोंगाटच, फक्त विजेवर चालणारा. मीही बरीच वर्षं तसंच मानत होतो. मग एका दुपारी एक गायक वेळेवर आलाच नाही, आणि वाट बघता बघता मारोतीनं आपला बँजो माझ्या गिटारच्या, आवाज फाडणाऱ्या डिस्टॉर्शनच्या डबीला जोडला, तारा दोन-तीन सुरांनी खाली उतरवल्या, आणि एकच सूर लावला.

काय सांगू तुम्हाला? रिकामी ट्रॉली खडीवरून ओढत न्यावी तसा तो आवाज होता, पण सुरात.

बालाजी शेजारी बसला होता. बालाजी आमचा ड्रमवाला — मूळचा जळकोटकडचा, लग्नांत ऑक्टोपॅड वाजवतो, पण लातूरला कॉलेजात असल्यापासून हेवी मेटलचा वेडा. तो उठला आणि थेट ड्रमवर बसला. मला स्वतःला डब आवडतं. डब म्हणजे काय, थोडक्यात सांगतो: आधी सगळं वाजवायचं, मग एकेक वाद्य काढून घ्यायचं. खाली राहतात ते बेस आणि ड्रम. बाकीची वाद्यं एकोमध्ये, म्हणजे प्रतिध्वनीत येतात, घुमतात, नाहीशी होतात. त्यात मिक्सरवर बसलेला माणूसही वादकच असतो — त्याचं वाजवणं म्हणजे कोणाला ऐकू द्यायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणं. हे वाक्य लिहिताना आज माझा हात थांबला. तेव्हा ते मी लोकांना मोठ्या हौसेनं सांगायचो.

तर असा आमचा बँड झाला. तिघांचा. गाणारा नाही, शब्द नाहीत. मारोतीला तेच सगळ्यात आवडलं; म्हणाला, लई बेस्ट झालं मास्तर, कोणाच्या नावानं जय म्हणायचं काम न्हाई. (मला तो मास्तर म्हणतो, वडील शिक्षक होते म्हणून. मी एक दिवसही शिकवलेलं नाही.) बँडला नाव त्यानंच दिलं — भारनियमन. बालाजीला इंग्रजी नाव हवं होतं, ज्यात मरण किंवा निदान रक्त तरी असेल. पण मारोती म्हणाला, आपल्याकडं अंधार पडतो तो ह्याच शब्दानं पडतो, आणखी कोणता पायजे?

आम्ही तुकडे नेटवर टाकले. पुण्याकडच्या एका जाणकारानं त्यांवर लांबलचक लिहिलं. दख्खनच्या पठाराचं अबोध मन आमच्या बँजोतून बोलतं, असं त्याचं म्हणणं पडलं. मारोतीनं मला अबोध म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, आपल्या आत असतं पण आपल्याला माहीत नसतं ते. तो म्हणाला, मग ह्या बाबाला कसं कळलं?

मी हसलो. त्या वेळी मारोतीच्या आत काय चाललं होतं, जे त्याला माहीत नव्हतं — ते मला कळून दोन महिने झाले होते.

कसं कळलं, ते सांगण्याआधी आमच्या धंद्यातला एक शिरस्ता सांगायला हवा. रेकॉर्ड केलेला आवाज कॉम्प्युटरवर लाटांसारखा दिसतो. ठोका जिथं पडायला हवा तिथं उभी रेघ असते. सूर रेघेच्या मागं पडला, तर माऊसनं धरून पुढं सरकवायचा. याला आम्ही 'सरळ करणं' म्हणतो. सगळे करतात. आणि वाजवणाऱ्याला ते सांगायचं नाही. माझ्याआधी या खुर्चीवर जे बुजुर्ग बसायचे, त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं — वादक चहाला खाली गेला की सरळ करायचं, आणि तो परत आला की त्याला ऐकवून 'वा' म्हणायचं. ही अदब आहे, असं ते म्हणायचे. मला त्यात काही खोटं वाटलं नाही. माझे स्वतःचे किती सूर त्यांनी सरळ केले असतील? मी कधी विचारलं नाही. विचारायचं नसतं.

मारोतीचे पहिल्यांदा सरळ केले ते तीन सूर.

एक संथ, लांबलचक तुकडा होता. बालाजीचे ड्रम आणि माझा बेस आधी झालेला, बँजो नंतर एकट्याचा घेतलेला. तीन सूर किंचित मागं — कानाला कळू नयेत इतके, पण पडद्यावर स्पष्ट. मी सरकवले आणि विसरलो. पुढच्या वेळी अकरा. त्याच्या पुढच्या वेळी मी मोजले नाहीत, पण एक गोष्ट बघितली — आणि ही मला तुम्हाला नीट सांगायची आहे, कारण 'लक्षात आलं नव्हतं' असं म्हणायची वाट इथं बंद होते. उशीर दर वेळी त्याच सुरांना होता. म्हणजे त्याच बोटांना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. दमलेला माणूस कुठंही चुकतो. आळशी माणूस अवघड जागी चुकतो. हा सोप्या जागीही चुकत होता, पण फक्त त्या दोन बोटांनी. मी डॉक्टर नाही. पण ही चूक वाजवण्यातली नाही, हाताची आहे, हे मला त्या खुर्चीवर बसून कळलं होतं. त्याच्या बायकोच्या आधी. त्याच्या स्वतःच्या आधी.

मग काय केलं मी? सरळ केलं. मूळ रेकॉर्डिंग एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवत गेलो, सवयीनं, तारखेसकट.

सुरुवातीला मला वाटायचं की मी मित्राची लाज झाकतोय. झाकत असेनही. पण त्याच दिवसांत बाहेरून विचारणा येऊ लागल्या होत्या, आणि ज्या माणसानं आयुष्यभर शाल आणि नारळाची टिंगल केली, त्या माझ्या मनात एक छापील पत्रिका तयार होत होती — तिच्यावर माझं नाव. मारोतीशिवाय तो बँड म्हणजे नुसते दोन लोक, धडधड वाजवणारे. हे मला पक्कं माहीत होतं.

नंतर इतर गोष्टी दिसू लागल्या. त्याच्या हातून चहाचा ग्लास हिंदकळायचा. शर्टाची वरची बटणं तो लावेनासा झाला. बालाजी त्याला, हिरो झालास का, म्हणून चिडवायचा. जिना चढताना डाव्या पायातली चप्पल मागं राहायची आणि तो खाली उतरून ती परत घालायचा, स्वतःवरच हसत. मी वर उभा राहून हे बघितलेलं आहे. एकदा नाही.

आणि मग एका दुपारी त्यानं मला विचारलं.

बालाजी यायचा होता. खाली क्लासची मधली सुट्टी झाली होती, त्यामुळे कधी नव्हे ती शांतता. मारोती बँजो मांडीवर घेऊन बसला होता, वाजवत नव्हता. डाव्या हाताची बोटं उघडत होता, मिटत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला,

"मास्तर, खरं सांग. माझा हात मागं राहून राहिला का?"

किती सोपा प्रश्न होता. असा माणूस मी दुसरा बघितलेला नाही, जो स्वतःच्या हाताबद्दल इतकं सरळ विचारेल. आमच्या धंद्यात गळा गेलेले गायक मरेपर्यंत माइकला दोष देतात. त्यानं विचारलं — आणि मला फक्त 'हाव' म्हणायचं होतं, आमच्याकडचं हो. ते मूळ फोल्डर उघडून, बघ, ही दोन बोटं, एवढंच दाखवायचं होतं.

मी म्हणालो, "न्हाई रे. कामून?"

आणि नुसतं म्हणून थांबलो नाही. मी त्याला आदल्या आठवड्याचा तुकडा लावून दिला. सरळ केलेला. मोठ्या आवाजात. तो मान खाली घालून ऐकत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला. शेवटी म्हणाला, "मग मला उगंच भेव वाटून राहिलं होतं." घरी गोदाला सांगतो म्हणाला, ती कवापासून डॉक्टरकडं जा म्हणून मागं लागली. गोदा म्हणजे त्याची बायको.

इथं थांबलो असतो तर तुम्ही कदाचित मला माफ केलं असतं. मित्राला धीर दिला, भोळेपणानं. पण अजून पुढं आहे.

लातूरला आमचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. एका संस्थेच्या सभागृहात, संध्याकाळी. दीपप्रज्वलन झालं, मग ज्यांनी दीप लावला त्यांचा सत्कार, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा. अध्यक्षांनी भाषणात आम्हाला शास्त्रीय संगीताचे तरुण उपासक म्हटलं; बालाजीनं काळ्या टी-शर्टवरची कवटी हातानं झाकली. आमच्या वाट्याला शेवटची चाळीस मिनिटं आली. मी बेस गळ्यात घेऊन उभा, मिक्सर शेजारच्या टेबलावर. मंचावर कोणाचा आवाज किती जायचा ते माझ्या हातात, आणि मारोतीच्या कानातल्या हेडफोनमध्ये काय जायचं तेही माझ्याच हातात.

दुसऱ्याच तुकड्यात त्याची बोटं अडखळू लागली. आता कानालाही कळत होतं. सरळ करायला इथं पडदा नव्हता. मी बँजोचा आवाज हळूहळू खाली ओढला आणि त्याच्या जागी रेकॉर्डिंगमधला बँजो वर आणला — आधी एकोमध्ये, मग सगळाच. अडचण पडली तर असू दे म्हणून ती तयारी मी नांदेडहूनच करून नेली होती. तयारी. हा शब्द लक्षात घ्या. त्याच्या कानातही तेच सोडलं. डबच्या त्या घुमण्यात स्वतःचा सूर कोणता आणि त्याचा एको कोणता, हे कळायला मार्ग नसतो. अर्धा तास मारोती लातूरच्या लोकांपुढं घामाघूम होऊन वाजवत होता आणि त्याचा एकही सूर कोणालाही ऐकू जात नव्हता.

लोक उभे राहिले. मंचामागं येऊन त्यानं मला मिठी मारली. म्हणाला, "आज हात चालला बग."

मी हाव म्हणालो.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत हात उघडच बिघडला. खुरपं हातातून गळायला लागलं. एकदा ओट्यावरून उतरताना पाय दुमडून तो पडला. बालाजी गाडी घेऊन त्याच्या गावी गेला, त्याला शिव्या दिल्या, आणि लातूरच्या एका मणक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बालाजीला नेमकं त्या दिवशी लग्नात वाजवायचं होतं, म्हणून सोबत मी गेलो.

डॉक्टर चांगले होते. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढं जे झालं त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांनी मानेचा फोटो बघितला, मारोतीला सरळ रेषेत चालायला लावलं, पटापट मूठ उघड-मीट करायला लावली. मग सांगितलं की मानेत मणक्याच्या आत शीर दाबली जातेय, हात त्यामुळं. आणि विचारलं, कधीपासून?

मारोती म्हणाला, सहा महिने. लई झालं तर. आणि मग — तो कोणाला खोटं वाटू नये म्हणून पुरावा देणारा माणूस आहे — त्यानं खिशातून मोबाइल काढला. "ऐका की साहेब. गेल्या वर्षीचं हाय. ह्यो माझाच हात."

त्या स्वच्छ पांढऱ्या खोलीत भारनियमन वाजलं. डॉक्टरांनी पूर्ण ऐकलं. आश्चर्यानं माझ्याकडं बघितलं. असली बोटं वर्षभरापूर्वी असतील तर त्रास अगदी अलीकडचा आहे, असं ते म्हणाले. अलीकडचा आणि सौम्य असेल तर ऑपरेशनची घाई नको. गोळ्या, पट्टा, व्यायाम, आणि तीन महिन्यांनी परत बघू. जुनं असतं तर मात्र थांबायला सांगितलं नसतं. मग त्यांनी पेन थांबवलं आणि मला विचारलं,

"तुम्ही सोबत वाजवता ना? तुमच्या कधी लक्षात आलं?"

दोन वर्षं. जवळजवळ दोन वर्षं, तारखेसकट, माझ्या कॉम्प्युटरमध्ये. मारोती माझ्याकडं बघत होता — विश्वासानं, जसा आपण आपल्या बाजूच्या साक्षीदाराकडं बघतो. खरं सांगितलं असतं तर त्या खोलीत, त्याच्यासमोर, तो तुकडा त्याचा राहिला नसता. लातूरही राहिलं नसतं. आणि मी कोण, तेही कळलं असतं. हे सगळं मला त्या दोन सेकंदांत दिसलं. म्हणजे मी गोंधळलो नव्हतो. मी ठरवलं.

मी म्हणालो, "सहा महिनेच, डॉक्टर."

त्यांनी ते लिहून घेतलं.

हे ते. मघापासून ज्याच्याभोवती फिरतोय ते हे. बाकी सगळं एक वेळ अदब, एक वेळ भिडस्तपणा, एक वेळ हाव. पण ते तीन शब्द म्हणताना मला माहीत होतं की समोरचा माणूस त्यांच्यावरून एका हाताचं काय करायचं ते ठरवणार आहे.

तीन महिन्यांत मारोतीला आधाराशिवाय चालता येईना. चौथ्या महिन्यात ऑपरेशन झालं. जे बिघडत होतं ते थांबलं. पाय बराच सुधारला. हाताबद्दल डॉक्टर म्हणाले की जे गेलं ते फारसं परत येणार नाही, आणि आधी आला असतात तर बरं झालं असतं. मारोतीनं पडल्या पडल्या त्यांनाच समजावलं, आधी न्हवतंच की साहेब काही.

त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात गोदावहिनी बाकावर बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेलो. त्यांनी चहा घेतला नाही. कोणाशी तरी बोलायचं म्हणून बोलावं तशा म्हणाल्या, "वरसभर ह्यांची बटनं मी लावून देत होते, भाऊजी. रोज. डॉक्टरकडं जा म्हनायचं मीच मधी सोडून दिलं. हे एवढं मोठं हाय ते मला कसं कळलं न्हाई? जवळ राहून मला कळलं न्हाई."

मी त्यांना म्हणालो, वहिनी, कोणालाच कळलं नसतं. इतकं अचानक आलं ते.

त्यांनी मान हलवली. पण मानलं नाही. अजूनही मानत नाहीत; आजही येईल-जाईल त्याला त्या हेच सांगतात की माझं ध्यान न्हवतं. आणि मारोती सांगतो की अचानक आलं. दोघांचं ऐकताना मी तिथं असतो, बऱ्याचदा.

त्यांना का सांगत नाही? बरोबर आहे तुमचं. आता सांगून हात येणार नाही, असं मी स्वतःला समजावत आलो. पण वहिनींचं ओझं तर उतरेल — ते माहीत असूनही सांगितलेलं नाही. हे लिहिलेलं कोणी त्यांना वाचून दाखवेल का? दाखवेलही. त्यांच्या ओट्यावर जाऊन बोलण्याऐवजी मी असं लांबून, छापून बोलतोय, हा पुन्हा तोच भित्रेपणा आहे, दुसऱ्या रूपात.

गेल्या आठवड्यात गेलो होतो त्याच्या गावी. दुपारची वेळ, पडवीत ऊन आलेलं. त्यानं बँजो काढून ठेवला होता. व्यायामाला जी मुलगी येते तिनं सांगितलंय म्हणे, रोज वाजवा, बोटांना वळण राहील. त्याची पद्धत त्यानं मला दाखवली. मोबाइलवर आमचा जुना तुकडा लावायचा — गेल्या-त्याच्या-गेल्या वर्षीचा — आणि त्याच्यासोबत वाजवत जायचं. जिथं हात मागं पडेल तिथं थांबायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. रोज दोन तास. आजारी पडायच्या आधी आपला हात कसा होता, तिथवर परत जायचं, एवढंच मागणं हाय म्हणाला.

तो तुकडा त्यानं कधी तसा वाजवलेलाच नाही. त्यातली दोन बोटं माझ्या माऊसची आहेत.

त्यानं मला वाजवून दाखवलं. तीन बोटं वेळेवर जात होती, दोन मागून येत होती, आणि तो दात आवळून त्या मोबाइलच्या मागं धावत होता. पहिल्या वळणावर थांबला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथंच थांबला. गोदावहिनी आतून दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यानं कपाळावरचा घाम पुसला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं,

"किती राहिलं रे मास्तर? खरं सांग."

मी म्हणालो, थोडंच राहिलंय.

त्यानं तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला.